इंजेक्टरातल्या मुंग्या

“आनंदा, तुझी गाडी परत मेली!”

कुसुमकाकूंचा फोन नेहमी असाच सुरू व्हायचा. एरवी गाडी त्यांची, मेली की माझी.

“कुठं?”

“स्टँडच्या चौकात, बरोबर मध्यात. सुतारांची सून स्टेअरिंगवर आहे आणि ती रडायला लागलीय. मागं यष्टी उभी आहे. ड्रायव्हर काय बोलतोय ते ऐकवू का तुला?”

ऐकवायची गरज नव्हती. चौक आमच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. यष्टीचा हॉर्न मला फोनमधून आणि रस्त्यावरून असा दोन्हीकडून ऐकू येत होता. मी फोन ठेवला आणि दस्तूकडं बघितलं. तो एका जीपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा पडला होता. डोकं बाहेर न काढताच त्यानं विचारलं, “काकू?”

“दुसरं कोण? चल, ढकलायला.”

ही गोष्ट आता पंधराएक वर्षांची झाली. कोल्हापूरच्या अलीकडं, तालुक्याच्या गावात आमचं गॅरेज होतं. मी आनंदा तोडकर आणि माझा भागीदार दस्तगीर शिकलगार. आम्ही दोघं एकाच वस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलेलो. पाना माझा, वायर त्याची, अशी आमची सरळ वाटणी होती. इंजिन उतरवायचं, ब्रेक बांधायचे, गिअरबॉक्स खोलायचा, हे सगळं माझं. पण विजेचं काम आलं की मी लांब उभा राहायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि दस्तूला न कळणारं त्यात काही नव्हतं. आसपासच्या गावांतले गॅरेजवाले अडले की गाडी ओढत त्याच्याकडं आणायचे. आमच्या गॅरेजचं नाव होतं ते त्याच्या जिवावर. हे मला कबूल होतं, त्यात लाज कसली?

कुसुमकाकू साळोखे पंचायत समितीतून रिटायर झाल्या आणि लोक तीर्थयात्रेला जातात त्या वयात त्यांनी बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास काढला. नवऱ्याची जुनी गाडी होती, तिच्या टपावर पाटी बसवली आणि गावातल्या सुना, मास्तरणी, नर्सबाया एकेक करून स्टेअरिंगवर बसवल्या. बाई खणखणीत. गाडी शिकवताना त्यांचा आवाज दोन गल्ल्या पलीकडं जायचा. दस्तूच्या आईची आणि त्यांची जुनी ओळख, त्यामुळं त्याला त्या पोरासारखं वागवायच्या, म्हणजे माझ्यापेक्षा चार शिव्या जास्त द्यायच्या.

गाडी मात्र थकली होती. कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले, त्या पहिल्या काळातली ती. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलची बारीक पिचकारी. चार सिलिंडरला चार पिचकाऱ्या. विजेचा इशारा आला की उघडायच्या, गेला की मिटायच्या. इशारा पोचला नाही तर पिचकारी मुकी आणि एक पिचकारी मुकी झाली की गाडी लंगड्या म्हशीसारखी चालते. चढाला किंवा चौकात, जिथं अब्रू जाईल तिथं, नेमकी बंद पडते.

त्या दिवशीही आम्ही ती ढकलत गॅरेजात आणली. सुतारांची सून पदरानं डोळे पुसत रिक्षानं घरी गेली. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“दस्तू, लेका, ही कितवी खेप?”

“मोजलं न्हाई काकू.”

“मी मोजलंय, पण सांगत नाही. तुलाच लाज वाटंल.”

 दस्तूनं इंजिन कसंबसं चालू केलं, लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. चालू इंजिनात इंजेक्टर टिकटिक करतो, ती अशी ऐकू येते. “एक बोलतोय,” तो म्हणाला. “तीन बोलतोय. चार बोलतोय. दोन गप्प.”

पुन्हा दोनच! मला माझं डोकं त्या बॉनेटवर आपटून घ्यावंसं वाटलं.

कारण त्या दोन नंबरच्या मागं आम्ही काय काय केलं नव्हतं? दोनचा इंजेक्टर काढून तीनच्या जागी लावून बघितला होता. तिथं तो पोपटासारखा बोलला आणि दोनच्या जागी गेलेला तीनचा मुका झाला. म्हणजे इंजेक्टर चांगला, खोड जागेत. मग दस्तूनं मीटर लावून त्या जागेची वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. रिले बदलला, अर्थिंग घासून नवं केलं. कोल्हापूरच्या भंगारबाजारातून तसलाच दुसरा कनेक्टर, म्हणजे इंजेक्टरच्या डोक्यावर बसणारी वायरची टोपी, हुडकून आणून बसवला. गाडी प्रत्येक वेळी गॅरेजातून नवरीसारखी निघायची आणि आठवडा-दोन आठवड्यांत परत यायची.

दस्तूनं टोपी उपसली. माझ्याकडं पाठ करून त्यात ब्रश फिरवला, फुंकर मारली, टोपी बसवली आणि हात पुसत म्हणाला, “झालं.”

“काय झालं होतं?”

“कॉन्टॅक्ट.”

“गेल्या खेपेला पण कॉन्टॅक्टच होता.”

“मग ह्या खेपेला पण.”

काकू घरी गेल्यावर मी त्याला धरलं. “अरे, कॉन्टॅक्ट जातो म्हणजे का जातो? बाकीच्या तिघांचा का जात नाही? त्यांनी काय नवस केलाय?”

“जुनी गाडी हाय, आनंदा. एकेक जागा कमजोर असतीया.”

असं उत्तर दस्तूनं द्यावं? हा माणूस एका ट्रकची न सापडणारी वायर शोधायला दोन दिवस जेवण विसरलेला मी बघितला होता. आता म्हणे जुनी गाडी हाय!

आणि गावाला तर तेवढंच पाहिजे होतं. काकूंचा क्लास म्हणजे अर्ध्या गावाच्या बायका आणि त्या घरी जाऊन सांगायच्या की आज गाडी परत बंद पडली. मग त्यांचे नवरे चहाच्या गाड्यावर बसून निकाल द्यायचे. दस्तूचा हात गेला. दस्तूला आता दिसत नाही. कुणी म्हणालं, त्याचं कामात लक्षच नाही. पूर्वी आठवड्याला बाहेरगावची दोन-तीन विजेची कामं यायची, ती यायची थांबली. मी गाड्यावर दोघातिघांशी भांडलो, पण भांडून परत येताना माझ्याच मनात यायचं, खरंच गेला की काय हात? कागलचा एक इलेक्ट्रिशियन माझ्या ओळखीचा होता. त्याला एकदा बोलावून घ्यावं, असा विचार मी करत होतो. तो विचार दस्तूला सांगायची हिंमत नव्हती. भागीदाराच्या शेजारी दुसरा वायरमन आणून बसवायचा म्हणजे भागीदारी मोडल्यातच जमा.

पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा दस्तू जेवायला घरी गेला होता. माझा संयम संपला होता. म्हटलं, विजेचं कळत नाही तर नाही, डोळे तरी आहेत ना आपल्याला! मी स्वतः बॉनेट उघडलं आणि दोन नंबरची टोपी उपसली.

आत मुंग्या होत्या.

एखाद-दुसरी नव्हे, चांगली वसाहत होती. लाल, बारीक, साखरेच्या डब्यात येतात तसल्या. पितळी पिनांवर हिरवा चिकटा धरलेला आणि त्या चिकट्याला मुंग्या लागलेल्या. मी बोट लावलं तर बोट चिकटलं. पेट्रोलचा वास आणि इंजिनाची धग असलेल्या जागी मुंगीनं का यावं? गॅरेज चालवायला लागल्यापासून असलं काही बघितलं नव्हतं.

दस्तू आला तसं मी त्याला ओढतच नेलं. “हे बघ! मुंग्या!”

त्यानं बघितलं. दचकला नाही. “मुंग्या काय, कुठं पण येतात,” म्हणाला आणि ब्रश घेऊन झाडायला लागला.

“कुठं पण येतात? इंजेक्टरमध्ये?”

“उबंला येत असतील.”

“मग बाकीच्या तीन ठिकाणी ऊब नाही? दस्तू, मला येडा समजतोस काय?”

त्यानं चिकटा घासून काढला, ग्रीस भरलं आणि वरून एक रबरी टोपण ताणून बसवलं. जुन्या ट्यूबचं कापून त्यानं ते स्वतः बनवलं होतं. प्रत्येक खेपेला तो असलं एक टोपण बसवायचा आणि पुढच्या खेपेला गाडी यायची तेव्हा ते नसायचं. कुठं जातं विचारलं की म्हणायचा, पडत असंल.

“गाडी मी नेऊन देतो,” मी म्हणालो.

“नको, मी जातो की.” तो पटकन म्हणाला. “दरवेळी मीच जातोय.”

“म्हणूनच आज मी जाणार.”

“आनंदा, तुझं जीपचं काम राहिलंय.”

“जीप गेली खड्ड्यात!” मी किल्ली घेतली आणि निघालो. आरशात बघितलं तर दस्तू रस्त्यावर येऊन उभा राहिला होता.

काकूंच्या दारात चांगली गर्दी होती. नव्या बॅचच्या चार बायका नटूनथटून उभ्या होत्या. काकूंचा पुतण्या रणजित, चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष, आरतीचं ताट धरून तयार. मी गाडीतून उतरलो तशा काकू म्हणाल्या, “अरे, आज तू? दस्तू कुठाय? बरं, असू दे. बॉनेट उघड.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? दुखण्यातून उठून आलेल्या गाडीला तशीच आत घेऊ?”

मी बॉनेट उघडलं. काकूंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. इथपर्यंत ठीक होतं, हे कोण करत नाही? मग त्यांनी पायरीवर नारळ फोडला आणि पाणी तांब्यात धरलं. तांब्या घेऊन त्या इंजिनावर वाकल्या आणि एकदम च्च केलं.

“आनंदा, हे तुमचं रबर परत राहिलंय बघ. दरवेळी विसरता.” त्यांनी दस्तूचं टोपण दोन बोटांनी उपसून काढलं. “आत एका पिशवीत मी सगळी साठवून ठेवलीत, जाताना घेऊन जा. फुकट कशाला घालवायची?”

आणि तांब्या तिरका करून नारळाचं पाणी त्यांनी इंजिनाच्या मधोमध सोडलं. चार थेंब शिंपडले असते तर गोष्ट वेगळी. ही धार होती. दोन नंबरच्या डोक्यावरून ती ओघळत खाली गेली.



“लोक नुसतं वरवर शिंपडतात,” काकू नव्या बायकांना शिकवायच्या सुरात सांगत होत्या. “मला ते पटत नाही. देवाचं पाणी काळजापर्यंत गेलं पाहिजे. मी दस्तूला विचारून घेतलंय, गाडीचं काळीज मधोमध असतं ना म्हणून.”

“दस्तूला?” मी कसाबसा म्हणालो. “मग तो काय म्हणाला?”

“म्हणाला, व्हय काकू. दरवेळी इथंच तर उभा असतो, तू आहेस तिथं.”

रणजितनं माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि वाकून गाडीच्या पाया पडला. मी खोबरं तोंडात टाकलं. एरवी मी तिथल्या तिथं बोंबललो असतो. तोंड उघडलंही होतं. पण काकूंवर ओरडायच्या आधी मला दस्तूची गचांडी धरायची होती. इतके महिने हा माणूस तिथं उभा राहून बघत होता! गावानं त्याला आंधळा ठरवलं, मी त्याच्यासाठी लोकांशी भांडलो, रात्री झोप लागेना माझी, आणि ह्याला सगळं माहीत! रबरांची पिशवी घेऊन मी तरातरा चालत गॅरेजात आलो. 

दस्तू एका तुटक्या वायरीला कय्या करत, म्हणजे डाग देत बसला होता. मी पिशवी त्याच्या पुढ्यात आपटली. रबरं सगळीकडं उडाली.

त्यानं मान वर केली नाही. “खोबरं आणलंस?” म्हणाला.

“तुला माहीत होतं!”

“मुंग्या दिसल्या तेव्हा वास घेऊन बघितला. नारळाचं पाणी आंबलं की वास येतोय. मग काकूंच्या दारात बघितलं.”

“आणि गप्प बसलास? काकूंच्या बायका चौकात रडतात, गाव तुला आंधळा म्हणतं, गिऱ्हाईक तुटलं आपलं! तोंड शिवलं होतं काय तुझं? एक वाक्य सांगायचं होतं! काकू, पाणी आत घालू नका. झालं! एवढं एक वाक्य!”

“कुणी सांगायचं?”

“कुणी म्हणजे? तू!”

“मी?” दस्तूनं कय्याची कांडी खाली ठेवली. “मी सांगायचं, नारळाचं पाणी घालू नका म्हणून?”

 

“अरे, पण तू कधी कुणाला भिलास?” मी आवाज खाली आणून म्हणालो. “ते ट्रॅक्टरची पूजा करणारे बुवा आठवतात? त्यांनी दोन्ही दिव्यांवर कुंकवाचे पट्टे ओढले तर तू काय म्हणालास? बुवा, देवाला दिसंल पण ड्रायव्हरला दिसणार न्हाई. सगळं गाव हसलं होतं. बुवा पण हसले.”

“ते गेल्या गणपतीच्या आधी.”

आदल्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत दगड आला होता. कुठून आला, कुणी मारला, ते अजून कुणाला कळलेलं नाही. बाजार बंद राहिला, दस्तूच्या मावसभावाच्या दुकानाच्या काचा फुटल्या, मग शांतता कमिटी बसली, चहापाणी झालं, फोटो निघाले आणि सगळं पूर्वीसारखं झालं. मला तरी तसं वाटलं होतं. गॅरेज उघडलं त्या दिवशी मी विचारलं होतं, घरचं सगळं ठीक? तो व्हय म्हणाला आणि मी पाना घेऊन कामाला लागलो होतो. त्यानंतर हा माणूस गिऱ्हाइकाशी वाद घालेनासा झाला, कुणाला टोमणा मारेनासा झाला, ते माझ्या आत्ता लक्षात येत होतं. मला वाटलं होतं, वय झालं म्हणून निवळला.

“काकू तसल्या नाहीत, दस्तू. तुला पोरासारखं मानतात.”

“काकूंचं काय न्हाईच. काकू कपाळावर हात मारून घेतील, हसतील आणि सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगत सुटतील, आमच्या दस्तूनं पाणी घालायचं बंद करायला सांगितलं म्हणून. तिथं रणजित उभा असतोय. चांगला पोरगा हाय, मला काका म्हणतोय. तो मंडळात सांगणार. तिथनं ते चहाच्या गाड्यावर जाणार. आणि तिथं पोचस्तवर काय उरतंय? शिकलगारानं काकूंची पूजा बंद पाडली. एवढंच. इंजेक्टर आणि मुंग्या कोण सांगत बसतंय मागनं?”

“म्हणून लोकांनी तुला आंधळा म्हटलेलं चाललं?”

“आंधळा म्हटल्यानं काच फुटत न्हाई.”

मला रडायला येईल असं वाटायला लागलं आणि त्याचाही राग आला. “मला तरी सांगायचंस!” मी जवळजवळ किंचाळलो. “मी कोण आहे तुझा? मला सांगायला काय धाड भरली होती?”

“तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

काय केलं असतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तडक काकूंच्या दारात जाऊन, रस्त्यावरूनच बोंबललो असतो, काकू, बंद करा ते, आमचा दस्तू म्हणतोय! माझं सगळं आयुष्य ‘आमचा दस्तू म्हणतोय’वर चाललं होतं.

“मी टोपणं बसवली, ग्रीस भरलं, चिकटा काढत राहिलो,” तो म्हणाला. “म्हटलं, एखादं टोपण तरी काकूंच्या नजरेतनं सुटंल. न्हाई सुटलं. आता तू बघितलंयस. आता तू सांग. पण तू शोधून काढलंस म्हणून सांग. माझं नाव त्यात आणू नको.”

“आणि तुझं नाव गेलंय ते?”

“मला चालतंय.”

“मला चालत नाही! मी सांगणार, दस्तूनं शोधलं म्हणून.”

“तसं सांगितलंस तर उद्यापासनं मी येणार न्हाई,” दस्तू शांतपणे म्हणाला. “घरात बसून मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करीन.”

तो मस्करी करत नव्हता. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी धमकी दिली नव्हती, त्यामुळं ही खरी आहे हे मला लगेच कळलं. मी खाली बसलो आणि उडालेली रबरं गोळा करायला लागलो.

काकूंची गाडी पुढच्याच आठवड्यात आली. लंगडत, धापा टाकत. ह्या वेळी काकू स्वतःच चालवत होत्या आणि शेजारी कुणी शिकाऊ बाई नव्हती. उतरल्या त्याच थकून. “आनंदा, दोन बायकांनी क्लास सोडला रे,” म्हणाल्या. “आता विकून टाकते हिला.”

मी त्यांना हाताला धरून बॉनेटपाशी नेलं, टोपी उपसली आणि आतला हिरवा चिकटा दाखवला. मुंग्या पुन्हा आल्या होत्या. “काकू, हे नारळाचं पाणी आहे,” मी म्हणालो. “दरवेळी ह्याच्यात जातं आणि सुकून चिकट होतं. मग विजेला वाट मिळत नाही. देवाला चालतं, पण विजेला चालत नाही. इथून पुढं पाणी चाकावर घाला.”

काकू त्या मुंग्यांकडं बघत राहिल्या. “म्हणजे मीच?” त्या हळूच म्हणाल्या. “दरवेळी मीच घालत होते तिला दुखण्यात?”

“तुम्हाला काय माहीत?”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दस्तू बोलला होता अगदी तस्संच सगळं. “अगं बाई गं! आणि मी शिव्या देतेय तुम्हाला! हे शोधलं कुणी?”

दस्तू पलीकडच्या टेबलाशी मीटर हातात घेऊन उभा होता. मीटरच्या वायरी कशालाच लावलेल्या नव्हत्या, तरी तो आकड्यांकडं टक लावून बघत होता.

“मी,” मी म्हणालो.

“शाबास रे! एकदा दारात आलास आणि ओळखलंस की!” काकूंनी माझी पाठ थोपटली. मग त्या दस्तूकडं वळल्या. “आणि तू रे? दरवेळी माझ्या शेजारी उभा असायचास. डोळ्यांदेखत ओतत होते मी. इतके महिने नुसता ब्रश मारत बसलास, एवढं कळू नये?”

“न्हाई आलं लक्षात, काकू.”

“लक्ष कुठं असतं तुझं? काय हात होता तुझा, सगळा तालुका नाव घ्यायचा.” त्या त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तेच मला सोसेना. “होतं रे असं वयानं. वाईट वाटून घेऊ नको. पण आजपासून माझ्या गाडीला आनंदाच हात लावंल.”

 काकू, ह्यानं ते महिन्यांपूर्वी ओळखलंय, असं अगदी जिभेवर आलं होतं. दस्तूनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी तोंड मिटलं आणि दोन नंबरची टोपी साफ करायला घेतली. इतका चिडून घासत होतो की ब्रशाचे केस तुटले.

काकूंनी गाडी विकली नाही. पाणी त्या चाकावर घालायला लागल्या आणि तो इंजेक्टर परत कधी गप्प झाला नाही. चहाच्या गाड्यावर कुणी पूजेचा विषयही काढला नाही. तिथं एवढंच चालायचं की तोडकर आता विजेचं पण बघतो.

पण जुन्या गाडीला दुखणं काही ना काही असायचंच, कधी दिवे, कधी वायपर, कधी हॉर्न. काकू गाडी घेऊन यायच्या आणि समोर खुर्ची ओढून बसायच्या, माझ्याशिवाय कुणी हात लावू नये म्हणून. मी बॉनेटमध्ये डोकं घालून घामाघूम व्हायचो. दस्तू शेजारी पाने पुसत उभा राहायचा आणि ओठ न हलवता सांगायचा, “निळी न्हवं. पिवळी. पिवळी धर, मर्दा.”

मी पिवळी धरायचो. दिवा लागायचा. काकू टाळ्या वाजवायच्या.

“बघितलंस, दस्तू?” त्या म्हणायच्या. “शिकून घे जरा.”

“व्हय काकू,” दस्तू म्हणायचा.